साथ गावातच पिकावी लागते

चैत्र-वैशाखाच्या सांध्यावर एप्रिलचा अखेरचा दिवस येतो, तेव्हा शिवार रिकामे असते आणि गाव भरलेले असते. पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, नांगरटीची ढेकळे उन्हात भाजत पडलेली असतात आणि मृगाला अजून महिन्याहून थोडा अधिक अवकाश असतो. हाताला उसंत असते म्हणून लग्ने याच दिवसांत, सप्ते याच दिवसांत, आणि पोटासाठी पुण्या-मुंबईला गेलेली माणसे चार दिवस घरी येतात तीही याच दिवसांत. अजिंठ्याच्या रांगेला बिलगून, विदर्भ-मराठवाड्याच्या शिवेवर वसलेल्या आपल्या धाड परिसराला या दिवसांत एक वेगळाच नाद असतो. पहाटे काकड्याचा, दुपारी वरातीचा, रात्री कीर्तनाचा. वर्षभर कामाच्या आवाजात बुडालेले गाव जणू याच काळात स्वतःचा आवाज ऐकते. अशा वेळी 30 एप्रिल ही तारीख येते आणि आपल्याला क्षणभर थांबवते.

ही ग्रामजयंती. अमरावती जिल्ह्यातल्या यावली या लहानशा गावात 1909 साली याच दिवशी माणिक बंडोजी इंगळे जन्माला आले आणि पुढे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज म्हणून साऱ्या वऱ्हाडाच्या ओठांवर बसले. एका संताचा जन्मदिवस त्याच्या नावाने साजरा न होता गावाच्या नावाने साजरा व्हावा, यातच त्या माणसाची शिकवण सामावलेली आहे. मोझरीला 1935 साली गुरुकुंज उभारणारे, बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगात गेलेले, 41 अध्यायांच्या ग्रामगीतेत गावाच्या रस्त्यापासून रोग्याच्या शुश्रूषेपर्यंत सगळ्याचा विचार करणारे महाराज हातात काय घेऊन फिरले, तर एक खंजिरी. वीतभर लाकडी कडे, त्यावर ताणलेले कातडे, कडेला किणकिणणाऱ्या चकत्या. 1955 साली ते जपानला विश्वधर्म परिषदेला गेले, तेव्हाही ती खंजिरी त्यांच्या सोबत होती. विद्वानांच्या सभेत आणि वावराच्या बांधावर एकच वाद्य चालते, याचा त्यांना विश्वास होता. त्या खंजिरीच्या ठेक्यावर त्यांनी लोकांना नुसते डोलायला लावले नाही, सोबत म्हणायला लावले. सायंकाळची सामुदायिक प्रार्थना हा त्याच विश्वासाचा रोजचा परिपाठ. एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, ही रीत त्यांनी मानलीच नाही.

योगायोग असा, की हाच 30 एप्रिल जगभर आंतरराष्ट्रीय जॅझ दिन म्हणून पाळला जातो. युनेस्कोने 2011 मध्ये तशी घोषणा केली, त्यामागे पियानोवादक हर्बी हँकॉक यांचा पुढाकार होता, आणि 2012 पासून हा दिवस साजरा होऊ लागला. जॅझ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे महागड्या हॉटेलातला मंद दिवा येतो, आणि आपला त्याच्याशी काय संबंध, असे वाटून आपण पान उलटतो. पण या संगीताची नाळ तपासली तर ती हॉटेलात सापडत नाही. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात काँगो स्क्वेअर नावाचे मैदान होते. गुलाम म्हणून आणलेली आफ्रिकी माणसे रविवारी तिथे जमत, ढोल वाजवीत, नाचत, आणि आठवडाभर हिरावलेले माणूसपण तेवढ्या वेळापुरते परत मिळवीत. पुढे त्याच शहरातल्या मिरवणुकांमध्ये आणि अंत्ययात्रांमध्ये वाजणाऱ्या पितळी वाद्यांच्या पथकांतून, चर्चमधल्या समूहगानातून, शेतावर राबताना एकाने टाकलेली ओळ बाकीच्यांनी उचलून धरण्याच्या सवयीतून हे संगीत घडत गेले. पुढच्याने ओळ टाकायची, मागच्यांनी ती झेलून परत द्यायची, आणि चाल ठरलेली असली तरी त्या क्षणाला सुचेल ती उपज करायची. कीर्तनात बुवांनी चरण सोडावा, टाळकऱ्यांनी तो उचलावा, मृदंगाने त्यावर आपली बोली बोलावी, हे ज्यांनी जन्मभर ऐकले आहे त्यांना जॅझचे मर्म कोणी वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

शिवाय हे संगीत आपल्या गल्लीत येऊन गेले आहे, फक्त आपण त्याला त्या नावाने ओळखले नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. तिथून तयार झालेले वादक मुंबईला आले, दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात आणि रात्री हॉटेलांच्या जॅझ पथकांत वाजवू लागले. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ हे त्यांतले एक. ट्रम्पेटच्या फुंकीवर लुई आर्मस्ट्राँगची आठवण करून देणारे हे वादक 'चिक चॉकलेट' या नावाने गाजले. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांना या मंडळींचा ठेका आवडला आणि 1951 च्या 'अलबेला' चित्रपटात त्यांनी तो मनसोक्त वापरला. त्या चित्रपटातली भगवानदादांची लयदार पावले मुळात या गोवेकर वादकांच्या श्वासावर पडत होती. ती गाणी मग बँडवाल्यांनी उचलली. लग्नाच्या वरातीत नवरदेवाच्या घोड्यापुढे क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनवर वाजलेली ती गाणी आपल्या आजोबा-पणजोबांनी ऐकली, त्यांवर ते नाचले. बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्स यांनी 1846 मध्ये पेटंट घेतलेले वाद्य वऱ्हाडातल्या मांडवापर्यंत आले ते असे, न्यू ऑर्लिन्स, गोवा आणि दादरचा वळसा घेऊन.

या प्रवासात एक गोष्ट मात्र वाटेत सांडली. ज्यांनी वाजवले त्यांची नावे. तबकडीवर संगीतकाराचे नाव असे, गायकाचे असे. पण गाण्याची सारी वाद्यरचना कागदावर बांधणारे सेबॅस्टियन डिसोझा किंवा फ्रँक फर्नांड यांची नावे सामान्य श्रोत्याला कधी कळलीच नाहीत. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले, म्हणून 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या एका गाण्यात गुरूचे नाव अमर झाले. आणि तरीही ते गाणे गुणगुणणाऱ्या कित्येकांना वाटत राहिले की हे नाव कल्पनेतले आहे. संगीताचा इतिहास असाच लिहिला जातो. पाटीवरची मोठी अक्षरे उरतात आणि त्या अक्षरांना उचलून धरणारे खांदे विस्मरणात जातात.

आता आपल्याकडची पत्रिका हातात घेऊन पाहू. अखंड हरिनाम सप्त्याची पत्रिका म्हणजे आपला वर्षाचा संगीत महोत्सव आणि त्याचा कार्यक्रम एकाच कागदावर. वर विठ्ठल-रुक्मिणी, बाजूला ज्ञानोबा-तुकोबा. मग दैनंदिन कार्यक्रम: पहाटे काकडा, नंतर विष्णुसहस्रनाम, ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथा-भजन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर हरिजागर. त्याखाली वारानुसार कीर्तनकारांची नावे, प्रत्येकामागे ह.भ.प., शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन. मग मृदंगाचार्य, गायनाचार्य, विणेकरी, चोपदार. मग त्या त्या दिवसाचे अन्नदाते. आणि अगदी तळाशी, सर्वांत बारीक टाइपात: विनीत, समस्त गावकरी मंडळी. अलीकडे या पत्रिका गुळगुळीत कागदावर, रंगीत छायाचित्रांसह निघतात, मोबाइलवर महिनाभर आधी फिरतात. कोणत्या दिवशी कोण बुवा, यावर पारावर चर्चा रंगते. यात वावगे काहीच नाही. चांगल्या वक्त्याला ऐकण्याची ओढ हीही एक भूकच आहे आणि ती ज्या गावाला आहे ते गाव जिवंत आहे.

तरीही सप्ता उभा राहतो तो पत्रिकेत न छापलेल्या माणसांवर. वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. एका पहाऱ्याचा विणेकरी थकला की दुसरा समोर येतो, वाकून नमस्कार करतो, आणि तार थांबू न देता वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला जो माणूस उभा राहतो, त्याला ऐकायला मंडपात कोणी नसते. मृदंग वाजायचा तर त्याच्या धुमेला दर वेळी ओली कणीक लावावी लागते. कोणाच्या तरी घरातून परातीतला तो गोळा येतो, मृदंगवादक तो तळव्याने थापतो, थाप देऊन पाहतो, चिमूटभर काढतो, पुन्हा लावतो, आणि वाजवून झाले की सारी खरवडून टाकतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजी कणीक. कीर्तनात बुवांच्या मागे दोन्ही बाजूंनी जे पंचवीस-तीस टाळकरी उभे राहतात, त्यांनी दिवसभर उन्हात नांगरट केलेली असते, किंवा दुकान बंद करून ते आलेले असतात. चरण कुठे उचलायचा, पावलीला कधी वळायचे, बुवा दृष्टान्तात शिरले की टाळ कधी छातीशी धरून ठेवायचा, हे सारे त्यांच्या अंगात मुरलेले असते. ते मुरले नसते तर मानधन देऊन आणलेल्या बुवांचा आवाज मंडपात एकटा पडला असता.

म्हणूनच या तारखेच्या निमित्ताने आपण स्वतःशी एक गोष्ट कबूल करायला हवी. मोठे नाव बाहेरून आणता येते. साथ मात्र गावातच पिकावी लागते. आणि आपल्या गावांत साथीचे पीक हळूहळू विरळ होत चालले आहे. पत्रिकेची पाने वाढली आणि टाळकऱ्यांच्या रांगा आखूड झाल्या. कित्येक ठिकाणी मृदंगवादकाबरोबर टाळकरीही ठरवून बाहेरून बोलवावे लागतात. आळंदीला विष्णुबुवा जोगांनी 1917 मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथे आणि तिच्या धर्तीवर निघालेल्या अनेक संस्थांत मुले शिकतात, ही समाधानाचीच गोष्ट. पण एखादा मुलगा आळंदीला जाऊन शिकतो आणि त्याची चुलत भावंडे गावात राहून टाळ धरायलाही शिकत नाहीत, ही विभागणी तुकोबांनाही रुचली नसती आणि तुकडोजींनाही. वरातीचेही तेच. ट्रॅक्टरवर रचलेल्या डीजेच्या भिंती आल्या आणि फुंक मारून घर चालवणारी बँडपथके मिटू लागली. क्लॅरिनेटवर बोट कसे ठेवायचे हे बाप मुलाला शिकवायचा. बापाला सुपारीच मिळेनाशी झाल्यावर मुलाने ते का शिकावे? सामुदायिक प्रार्थनेला पाटावर बसणारी डोकी मोजली, तर पांढरीच अधिक भरतात.

हे केवळ आपल्याच वाट्याला आले आहे असे नाही. ज्या न्यू ऑर्लिन्समध्ये जॅझ जन्मला, तिथे 1970 मध्ये त्या संगीताचा वार्षिक महोत्सव सुरू झाला. पहिला महोत्सव भरला तो त्याच काँगो स्क्वेअरच्या परिसरात, आणि त्या वेळी ड्यूक एलिंग्टन आणि महालिया जॅक्सन यांच्यासारखे नामवंत कलावंत तिथे आले. दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस आणि मेच्या सुरुवातीस, म्हणजे आपल्या लग्नसराईच्याच दिवसांत, तो महोत्सव भरतो. 2005 च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना वादळाने ते शहर पाण्याखाली गेले. वादक देशोधडीला लागले, वाद्ये चिखलात गेली. यंदा महोत्सव कसला, असे कोणीही म्हटले असते. पण 2006 च्या वसंतात तो भरला, आणि पांगलेले कलावंत त्या निमित्ताने आपल्या शहरात परतले. त्याहून महत्त्वाची गोष्ट कार्यक्रमाच्या यादीत दिसत नाही. हा महोत्सव ज्या संस्थेचा आहे, ती मिळकतीतून मुलांसाठी विनामूल्य संगीतशाळा चालवते. पुढच्या पिढीचा ट्रम्पेटवाला तयार झाला नाही, तर उद्या तिकीट कशाचे विकणार, हे त्यांना ठाऊक आहे.

आपल्या मुंबईतही 1978 मध्ये निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'जॅझ यात्रा' सुरू केली होती. धोबीतलावाजवळच्या रंगभवनाच्या उघड्या प्रेक्षागृहात सॉनी रॉलिन्ससारखा जगद्विख्यात सॅक्सोफोनवादक मुंबईकरांनी ऐकला. दिग्गजांची रांगच लागली होती. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातल्या मैफली थांबल्या आणि ती यात्राही ओसरली. आज ती ज्यांनी ऐकली त्यांच्या आठवणीत आहे. याउलट पुण्यात भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ 1953 मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव सात दशकांनंतरही भरतो, याचे श्रेय जितके व्यासपीठावरच्या नावांना, तितकेच घरोघरी चालणाऱ्या गाण्याच्या शिकवण्यांना आणि आजोबांचे बोट धरून मंडपात येणाऱ्या नातवंडांना. उत्सव जागेवर आणि आयोजकावरच टेकला असेल, तर जागा गेली की तोही जातो. घराघरांत त्याची मुळे उतरलेली असली, तर मंडप कुठेही घालता येतो.

साथीचा विचार करताना आणखी एक प्रश्न टाळता येत नाही. रांगेत उभे राहण्याचा मान आपण कोणाला दिला? न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये ड्यूक एलिंग्टन यांचे पथक वाजवीत असे, पण त्यांच्यासारख्या कृष्णवर्णीय माणसाला तिथे श्रोता म्हणून प्रवेश नव्हता. हे वाचून आपण हळहळतो. पण संत चोखामेळ्यांची आठवण आपल्या बुलडाणा जिल्ह्याला अधिक जवळची आहे. देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणा राजा हे त्यांचे जन्मगाव, असे परंपरा मानते. ज्या माणसाला देवळाबाहेर उभे राहून देवाशी बोलावे लागले, त्याचे अभंग आज आपण सप्त्यात देवापुढे उभे राहून गातो. एवढे अंतर चालायला समाजाला शतके लागली, आणि ते अंतर सगळीकडे संपले आहे, असे छातीवर हात ठेवून म्हणण्याचे धाडस आपण करू नये. टाळकऱ्यांच्या रांगेत गावातल्या प्रत्येक वस्तीचे पोर आहे का? मुलींच्या हाती टाळ, पखवाज, वीणा येते का, की त्यांच्या वाट्याला रांगोळी आणि पोळ्याच येतात? होळीला सैलानी बाबांच्या दर्ग्यावरच्या यात्रेत नारळ घेऊन जाताना आपण कोणाचा जात-धर्म विचारत नाही. तोच मोकळेपणा वर्षाच्या इतर दिवसांत, आपापल्या पारावर, आपल्याला साधतो का? तुकडोजींच्या खंजिरीभोवती जे बसत, त्यांची प्रतवारी कोणी केली नव्हती. ग्रामजयंतीला त्यांच्या तसबिरीला हार घालताना तेवढे तरी आपण लक्षात ठेवायला हवे.

मग करावे काय? फार मोठे काही नाही. आता शाळांना सुट्टीचे दिवस. सप्त्याच्या वर्गणीतला थोडा वाटा, एखाद्या मोठ्या बुवांच्या मानधनाचा काही भाग, वाटल्यास मंडपाच्या एका कमानीचा खर्च बाजूला काढून मुलांचा टाळ-मृदंगाचा वर्ग या सुट्टीत सुरू करता येईल. ज्यांच्या अंगात चाली मुरलेल्या आहेत ती म्हातारी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना श्रद्धांजलीच्या फलकावर नेण्याआधी गुरूच्या आसनावर बसवता येईल. वरातीसाठी बँडपथकाला सुपारी देताना घासाघीस थोडी कमी करता येईल, आणि त्या पथकातल्या क्लॅरिनेटवाल्याला शाळेच्या अंगणात बोलावून मुलांना त्याचे वाद्य जवळून दाखवता येईल. आणि पुढच्या पत्रिकेत कीर्तनकारांच्या नावांखाली त्या वर्षी पहिल्यांदा रांगेत उभ्या राहिलेल्या बालटाळकऱ्यांची नावे, मुलामुलींची, सगळ्या आळ्यांची, ठळक टाइपात छापता येतील. आपले नाव छापलेले पाहून घरी धावत जाणारे पोर पुढच्या वर्षी न बोलावता येईल, आणि येताना दोघांना घेऊन येईल.

परंपरा जपणे म्हणजे जुने तसेच धरून ठेवणे, असा आपला समज असतो. पण मृदंगाची कणीक रोज नवी मळावी लागते आणि वीणा रोज नव्या गळ्यात जावी लागते, तेव्हाच नाद अखंड राहतो. ग्रामजयंतीच्या आणि जॅझ दिनाच्या या एकाच तारखेने आपल्याला त्याचीच जाणीव करून द्यावी. 'समस्त गावकरी मंडळी' ही पत्रिकेच्या तळाशी आपण दरवर्षी न चुकता छापतो ती ओळ शिष्टाचाराची आहे, तशीच वचनाचीही आहे. बुवा कोण येणार हे ठरायला अजून वेळ आहे. त्यांच्या मागे कोण उभे राहणार, हे मात्र या सुट्टीतच ठरायला हवे.